डाव्या स्पीकरची फरफर

कामावर सगळे त्यांना कानसेन म्हणत. लिफ्टचा मिस्त्री म्हटलं की पाना-पकड डोळ्यांसमोर येते, पण ह्यांचं खरं हत्यार म्हणजे हातभर लांबीचा एक स्क्रू-ड्रायव्हर. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत शिरायचं, चालू मोटरच्या बेअरिंगवर त्याचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. तोवर सोबतच्यांनी श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. मग निकाल लागायचा. "चालेल," नाहीतर "बंद करा." तिसरा शब्द नाही.

घरीही तेच. जिन्यातल्या चपलांवरून कोण वर येतंय ते सांगायचे. एकदा भिंतीपलीकडचा फ्रिज ऐकून "हा काही पंधरवडा काढत नाही" म्हणाले, आणि फ्रिजने आठवडासुद्धा काढला नाही. शेजारीण अजून तणतणते, "तुमच्या ह्यांची नजर लागली माझ्या फ्रिजला!"

"नजर नाही हो, कान," त्यांची बायको म्हणायची, आणि मनातून फुशारायची.

बायको घरीच सोफे, खुर्च्या भरून द्यायची. पुढच्या खोलीत कायम कुणाची तरी फाटकी खुर्ची पाय वर करून पडलेली असायची. त्याच खोलीत ते दोन स्पीकर होते, कमरेएवढे उंच, लाकडी. एक हॉटेल बंद पडलं तेव्हा कानसेनांनी घेतलेले. चार जिने पाठीवरून आणले होते. इमारतीला लिफ्ट असताना! कुणी विचारलं तर म्हणाले, "लिफ्ट माणसांसाठी असते."

फरफर पहिल्यांदा ऐकली ती तिने. डाव्या स्पीकरमध्ये खर्जातला सूर लागला की आत काहीतरी फडफडायचं, पंख्यात कागद अडकल्यासारखं.

"अहो, हा फाटलाय वाटतं."

"कुठे? झकास वाजतोय."

तिने पुढची जाळी काढली. आतल्या मोठ्या शंकूच्या कडेने फोमची रिंग असते, तिच्यावरच तो शंकू मागेपुढे हलतो. ती रिंग कुजली होती. बोट लावलं तर काळा चिकट भुगा हाताला आला. खालच्या बाजूने तर सरळ भगदाड. गाणं चालूच होतं, आणि फाटका फोम दर सुराला थरथरत होता. कानसेन वाकले. भगदाडात बोट घातलं. फोम बोटावर थरथरताना त्यांना दिसत होता, लागत होता. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मग त्यांनी कान अगदी शंकूला टेकवला आणि खूप वेळाने म्हणाले, "हां. आली. आहे फरफर."

"फोम म्हणजे माझंच राज्य," ती घाईघाईने म्हणाली. "अख्ख्या गावाचे सोफे भरते आणि माझ्याच घरात फाटका फोम? रिंग आणते, दुपारभरात चिकटवते."

"हात लावायचा नाही!"

इतक्या मोठ्याने ते कधी बोलत नसत. मग स्वतःच खाली बसले. "अगं, हा असाच राहू दे. रोज सकाळी मी इथे खुर्चीत बसून ऐकणार. फरफर ऐकू आली की कामावर जायचं. ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवायचा. माझ्या 'चालेल'वर माणसं वरखाली करतात."

"त्यापेक्षा डॉक्टरांना दाखवू या ना."

"ते काय करणार? कानांवर हेडफोन चढवून म्हणणार, 'आवाज आला की बटण दाबा.' मी लिफ्टवाला, बटण दाबण्यात मला कोण हरवणार?"

ती हसली. हसायला नको होतं, असं तिला नंतर वाटत राहिलं.

रोज सकाळी तेच गाणं लागायचं, ते खुर्चीत डोळे मिटून बसायचे, म्हणायचे, "आली!", आणि पिशवी उचलून निघायचे. ती आत पोळ्या लाटत ऐकायची. सुरुवातीला तिलाही बरं वाटायचं. मग एकेक दिसायला लागलं. स्वयंपाकघरातून ती ओरडली, "पाणी गेलंय हो!" तर उत्तर आलं, "हो हो, डबा घेतलाय." दारावरची घंटा त्यांच्या डोक्यावर वाजत होती आणि ते पेपर वाचत होते. "लक्ष नव्हतं," म्हणाले. हल्ली त्यांचं लक्ष फार वेळा नसायचं.

आणि एका सकाळी तिचं लाटणं थांबलं. "आली!" असं ते म्हणाले खरे, पण खर्जाचा सूर अजून लागायचाच होता. तो नंतर लागला. फरफर नंतर झाली. तोवर कानसेन चपला घालत होते.

ती दुपारीच सुट्या भागांच्या दुकानात गेली. दुकानदार बोलायला लागला की दर वाक्याला "नाही म्हणजे" जोडायचा.

"नाही म्हणजे वहिनी, नवे घेतलेत तर माझाच फायदा, पण घेऊ नका. नाही म्हणजे, असं लाकूड आता कोण लावतं? रिंग न्या. मधोमध बसवा, वाकडी नको. नाही म्हणजे, तुम्ही फोमवाल्या, तुम्हाला मी काय सांगायचं!"

"फरफर पूर्ण जाईल?"

"नाही म्हणजे, नावालासुद्धा उरणार नाही. त्यानंतरही कुणाला ऐकू आली, तर ती स्पीकरमधली नव्हे."

तो खो खो हसला. तिने पैसे मोजले आणि रिंग पिशवीत टाकली.

रिंग तिने चेनी आणि बटणांच्या खणात ठेवली. खण उघडला की दिसायची, काळी, गोल, पाल बसल्यासारखी. दुरुस्त करावा की राहू द्यावा? राहू दिला तर ते रोज "आली" म्हणणार आणि जाणार. दुरुस्त केला आणि कान धड असले, तर ते म्हणतील, "नाही आली." मग ती हसत जाळी काढून नवी रिंग दाखवेल, ते चिडतील, दिवसभर बोलणार नाहीत. नाही बोलले तर नाही बोलले! "नाही आली" एवढेच दोन शब्द तिला हवे होते. पण ते "आली" म्हणाले तर? ह्या "तर"पाशी ती खण बंद करून टाकायची.

शेवटी गुरुवारी जेवताना ते सहज म्हणाले, "आज दवाखान्याची मोठी लिफ्ट बघितली. स्ट्रेचरची. तिथले म्हणत होते, घरघर वाटतेय. मी म्हटलं, चालेल."

शुक्रवारी ते कामावर गेल्या गेल्या तिने स्पीकर आडवा केला. कुजका फोम खरवडला, जुना गोंद स्पिरिटने पुसला, नवी रिंग आधी शंकूला आणि मग पत्र्याच्या कडेला चिकटवली. दोन्ही हातांची बोटं पसरून शंकू हलकेच दाबून पाहिला. आत कुठे घासत नव्हतं. संध्याकाळी ते यायच्या आत गाणं लावलं. खर्ज असा लागला की खुर्चीखालची जमीन भरून आल्यासारखी वाटली. फरफर नावालासुद्धा नव्हती. तिने जाळी लावली, भुगा झाडला.

सकाळी ती पोळ्या सोडून दारात येऊन उभी राहिली. कानसेन डोळे मिटून बसले. गाणं सुरू झालं. खर्ज लागला, स्वच्छ, सपाट. 'नाही म्हणा,' ती मनात म्हणत होती, 'एकदा नाही म्हणा.'

"आली!" ते म्हणाले. आणि वर हसून, "आज तर जरा जास्तच फरफरतोय."

ते पिशवीकडे वळले तशी ती वाटेत उभी राहिली. त्यांना वाटलं, डबा द्यायला आली. तिने जाळी काढली.

कानसेन वाकले. नव्या रिंगवरून त्यांनी बोट फिरवलं, पूर्ण गोल, मग पुन्हा एकदा. भगदाड शोधत होते.

"कधी केलंस?"

"काल." मग जवळ जाऊन, मोठ्याने, "काल!"

"मग मी आत्ता काय ऐकलं?"

गाणं तसंच चालू होतं. एकाएकी त्यांनी खिशातून फोन काढला.

"कुणाला?"

"दवाखान्याच्या वॉचमनला. लिफ्ट बंद कर म्हणायचं. आत्ताच्या आत्ता." त्यांनी फोन कानाला लावला. मग दुसऱ्या कानाला. मग तिच्यापुढे धरला. "लागला का बघ. तू ऐक."

तिने ऐकलं.

"वाजतोय?"

"वाजतोय."

"मग?"

"वाजतोच आहे," ती म्हणाली. "कुणी उचलत नाहीये."