फाईल बायकोच्या नावाची

बोरिवलीच्या त्या दवाखान्यात फाईल नेहमी बायकोच्या नावाने निघते. नवऱ्याचे कागद मागे लावतात. माझा रिपोर्टही तसाच तिच्या फाईलमध्ये होता, आणि या सोयीचा मी तीन आठवडे बेशरमपणे फायदा घेतला.

बायकोचे दोन गर्भ तिसऱ्या महिन्याच्या आत गेले होते. म्हणून आम्हा दोघांच्या गुणसूत्रांची तपासणी झाली. तिचं सगळं नीट. माझ्या दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन बसलेले. "तुम्हाला स्वतःला काही त्रास नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण शुक्राणू तयार होताना वाटणी चुकते. तुकडा कमी-जास्त गेला, तर तो गर्भ बहुतेक टिकत नाही." शुक्राणूंमधल्या डीएनएचंही नुकसान झालेलं. साकीनाक्याच्या कारखान्यात मी दिवसभर भट्टीच्या उष्णतेत उभा असतो, वर सिगारेट. ते काही महिन्यांत सुधारू शकेल म्हणे. गुणसूत्रं मात्र जन्माची.

बाहेर आल्यावर मी बायकोला म्हणालो, "घरी सांगू नकोस ना, प्लीज." ती बरं म्हणाली. मला लाज वाटायला हवी होती. मला सुटल्यासारखं वाटलं.

मग एका रविवारी फाईल आईच्या हाती लागली. वरचं नाव तिने वाचलं, आतल्या इंग्रजीतलं 'ॲबनॉर्मल' तेवढं तिला कळलं. कुणाला न विचारता तिने मुलुंडला फोन केला आणि माझ्या सासूबाईंना बोलावून घेतलं. त्या येऊन टेकल्याही नव्हत्या.

"लग्नाआधीच ठाऊक होतं ना तुम्हाला?" आईने फाईल त्यांच्यापुढे आपटली. "खोट लपवून माझ्या पोराच्या गळ्यात बांधलीत."

सासूबाई लेकीकडे बघू लागल्या. लेक माझ्याकडे. तिने मला शब्द दिला होता आणि ती तो पाळत होती, याचाच मला राग आला. तीच बोलली असती तर मी सुटलो असतो.

"घेऊन जा तुमच्या मुलीला," आई म्हणाली.

"आई, तो रिपोर्ट माझा आहे. हिच्यात काही नाही."

आईला वाटलं, मी बायकोला पाठीशी घालतोय. शेवटी पान काढून माझं नाव दाखवलं, तेव्हा तिने विचारलं, "तुझ्यात कुठून आलं हे?"

"बहुतेक वेळा आईवडिलांकडून येतं म्हणतात. तुझ्याकडून, नाहीतर बाबांकडून."

माझ्याआधी आईचे चार गर्भ गेले होते. आजी तिला चारचौघांत पांढऱ्या पायाची म्हणायची आणि बाबा गप्प बसायचे. हे मला आत्याने सांगितलेलं. आई कधी बोलली नव्हती. बाबांना जाऊनही सहा वर्षं झाली.

"गेलेल्या माणसाची करता येते का रे ही तपासणी?"

"नाही. पण तुझी केली तर बहुतेक कळेल."

"मग माझी करा. उद्याच करा."

तेव्हा बायको पहिल्यांदा बोलली. "करू, आई. पण आधी माझ्या आईची माफी मागा."

आईने मागितली, हात जोडून, रडत. सासूबाईंनी तिचे हात धरले. मग त्या दोघीही माझ्याकडे बघायला लागल्या. बायकोने मात्र बघितलं नाही. माझ्याकडून तिला माफीचीही अपेक्षा उरली नव्हती.