कांड्यांच्या मोटारीचा अँपिअर

ही वही कोणाच्या हाती लागलीच तर आधीच माफी मागते. माझे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी उमजले नाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि हातात कांड्या आल्या.

आमच्या घरी माग आहे. मागावरचा आडवा धागा ज्या लहान नळीवरून सुटतो तिला कांडी म्हणतात. त्या भरायचे काम बायांचे. बरीच वर्षे मी हाताच्या चरख्यावर भरल्या. मग मोठ्या जाऊबाईंकडून नऊ हजार रुपये उसने घेऊन बॅटरीवर चालणारे यंत्र आणले. ते पैसे त्यांच्या म्हशीच्या दुधाचे, डब्यात साठवलेले. जमेल तसे दे म्हणाल्या होत्या, तरी त्यांच्या दारावरून जाताना माझी मान खालीच असे.

चौथ्या महिन्यात मोटार तापायला लागली. दहा कांड्या भरल्या की वास यायचा, मग ती बंद पडायची. यंत्र मांडीवर घेऊन बसने साकोलीला गेले. दुकानदाराने वास घेतला आणि म्हणाला, "जळाली. नवीन टाका, साडेतीन हजार." कशावरून म्हणता, हे विचारायचे होते. पण यंत्र उचलून तशीच परत आले.

"त्यानं मोजून पाह्यलं काय?" जाऊबाईंनी विचारले.

"नाई बाई."

"मंग नाकानं मोटार पाह्यली काय त्यानं? तुया भासऱ्याकडं मीटर हाय नं."

भासरे म्हणजे माझे मोठे दीर, जाऊबाईंचे यजमान. शेतातल्या पंपाच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. मीटर म्हणजे त्यांचे वीज मोजायचे हातातले यंत्र; त्याच्या दोन तारांना एक काळी आणि एक लाल टोकदार दांडी. पण आमच्यात भासऱ्यांसमोर बोलत नाहीत. या घरात येऊन एकोणीस वर्षे झाली, त्यांच्याशी एक शब्द सरळ बोलले नव्हते. म्हणून शिकवणी अशी झाली: ते उंबरठ्यावर अंगणाकडे तोंड करून बसले, मी आत पदर घेऊन यंत्राजवळ, आणि मध्ये जाऊबाई तांदूळ निवडत.

"तिले सांग, काळी दांडी कॉम लिवलं हाय त्या भोकात. लाल दांडी दहा अँपिअरच्या भोकात."

"ऐकलं काय वो?"

मी मान हलवली.

"मान हलवून राहिली," जाऊबाई बाहेर सांगत.

"मोटारीवर तीन अँपिअर लिवलं हाय. त्याच्यावर गेली तं काहीतरी बिघाड हाय. बॅटरीतून मोटारीले जाते ते तार सोड म्हणा, अन् सुटलेल्या दोन तोंडाच्या मधात मीटर लाव म्हणा."

तिथेच माझा हात अडला. तुटलेला धागा सांधायचा, सांधलेला कधी सोडायचा नाही, हे लहानपणी हातावर चापट्या खाऊन शिकले होते. ती तार नीट जोडलेली होती. तिला कशाला सोडायचे? आदल्या दिवशी भासऱ्यांनी बॅटरी तपासताना दोन्ही दांड्या नुसत्या बॅटरीच्या दोन टोकांना टेकवल्या होत्या. मीही तसेच केले.

तड झाले. ठिणगी उडाली. मीटरचा आकडा शून्यावर जाऊन बसला आणि हलेचना. नऊ हजारांतले सहा अजून द्यायचे होते, वर आता मीटरही बुडवला. मला रडू आवरेना.

बाहेरून आवाज आला, "हात भाजला काय, विचार."

"हात नाई भाजला. रडून राहिली."

"तिले सांग, मीटर नाई मेला. आतला फ्यूज उडाला. काम शिकतानी पह्यल्या वर्षी माये तीन उडाले. एक तं मालकाच्या मीटरचा."

"मले तं हे कधी नाई सांगतलं!" जाऊबाईंनी सूप खाली ठेवले.

"तू कधी इचारलं?"

मग त्यांनी मला समजावले, म्हणजे अंगणाला समजावले. होल्ट, म्हणजे विजेचा जोर, मोजायचा तर दोन टोकांना टेकवायचे. अँपिअर म्हणजे तारेतून किती वीज वाहून राहिली ते. "फाटकातून जाणारी ढोरं मोजाची असन तं फाटकातच उभं राहा लागते. सारी वीज मीटरमधून गेली पाह्यजे. अन् नुसतं बॅटरीले टेकवलं तं मोटार राहिली बाजूले, सारी वीज मीटरमधूनच धावते. मंग फ्यूज उडन नाई तं काय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा फ्यूज घातला. मी बटण बंद करून मन घट्ट केले आणि तारेचा जोड सोडला. लाल दांडी बॅटरीकडच्या तोंडाला, काळी मोटारीकडच्या. बटण चालू केले.

"सहा," मी हळूच म्हटले.

"सहा म्हणते!"

"पट्टा काढून पाह्य म्हणा."

कांडी ज्या दांडीवर फिरते तिच्याकडे जाणारा पट्टा काढून मोटार मोकळी फिरवली तर एकच्या जरा वर.

"मोटार चांगली हाय," ते म्हणाले. "तिच्यावर वझं कोन टाकून राहिलं ते पाह्य म्हणा."

पुढचे मला कोणी सांगायची गरज नव्हती. कांडीची दांडी हाताने फिरवली तर जड. ती काढली, तर मागे बेअरिंगपाशी कोशाच्या रेशमी धाग्याचा कचरा गुंडाळून लोकरीच्या नमद्यासारखा घट्ट बसलेला. सुईने उकरून काढायला दुपार गेली. तेलाचे दोन थेंब सोडले, पट्टा चढवला, मीटर लावला.

"दोन पॉइंट सात!"

जाऊबाई बोलायच्या आत माझ्याच तोंडून निघाले, तेही मोठ्याने. अंगणातून उत्तर आले, "बरोबर हाय." जाऊबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा बाहेर. त्यानंतर मात्र पुन्हा सगळे त्यांच्यामार्फतच.

मोटार अजून तीच आहे. दर आठवड्याला दांडी साफ करते आणि अँपिअर पाहते. त्यानंतर वर्षभर एक दिवसही काम थांबले नाही. कांड्यांचे पैसे येत तसे, कधी तीनशे, कधी पाचशे, जाऊबाईंना देत गेले. शेवटचे सातशे घेऊन गेले तेव्हा त्या म्हशीला सरकीची ढेप घालत होत्या. न मोजताच कमरेला खोचायला लागल्या.

"मोजा नं बाई," मी म्हटले.

त्यांनी ओले हात लुगड्याला पुसले, नोटा मोजल्या आणि म्हणाल्या, "झाले पुरे नऊ हजार."