घराचा वास

२०१६ साली बायको गेली आणि वर्षभरात लोकांनी माझ्या घरी येणंही सोडलं. तलासरीच्या शाळेत माझ्याबरोबर पंचवीस वर्षं शिकवलेला मित्र डहाणूत दोन घरं सोडून राहतो. तोसुद्धा फाटकाबाहेरूनच बोलायचा. "आत ये, चहा टाकतो," म्हटलं की याला घाई. बायकोच्या हातच्या भज्यांपुरतीच मैत्री होती तर, असं एकदा त्याला तोंडावर बोललो. तो मान खाली घालून गेला. तोंडाने मी पहिल्यापासून फटकळ. तीन महिने आम्ही बोललो नाही, आणि मला मात्र घर खायला उठायचं.

नाक माझं बायको असतानाच चोंदलेलं. वास येत नाही याचं कधी काही वाटलं नाही. भाजी करपली की ती ओरडायची. शेवटी श्वासही घेता येईना, तेव्हा डहाणू रोडला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. नाकात मांस वाढलं होतं, पॉलिप. घरात ओल आहे का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, समुद्राजवळ कोणाच्या घरात नसते?

"ॲलर्जीमुळेच पॉलिप होतात असं नाही," त्या म्हणाल्या, "पण बुरशीची ॲलर्जी असली तर आतली सूज ओसरत नाही."

त्यांनी थोड्या दिवसांच्या गोळ्या आणि स्प्रे दिला. पाचव्या दिवशी सकाळी बाजारातून आलो, कुलूप काढलं आणि दारातच थबकलो. घरात कुबट, सडका वास भरला होता. माग काढत आतल्या खोलीत गेलो. बायकोचं कपाट. ती गेल्यापासून ते उघडायचा धीर झाला नव्हता. मागच्या भिंतीतून पाणी झिरपून साड्यांवर हिरवी बुरशी चढली होती. मी तर समजत होतो, साड्या जपून ठेवल्यात. तिथेच बसून रडलो, मधेमधे शिंकत.

मग तडक मित्राकडे गेलो. "सांगितलं का नाहीस?"

"अरे, वहिनी गेलेल्या. त्यात तुला कसं सांगायचं, की घराला वास मारतो म्हणून?"

दोन साड्या धुऊन ठेवल्या, बाकीच्या जाळल्या. भिंत खरवडून चुना लावला. तोवर गोळ्या संपल्या होत्या आणि नाक पुन्हा बंद झालं होतं. मित्र आला, आत बसून चहा प्यायला.

"वास येतोय का?" मी विचारलं.

"छे, मुळीच नाही."

खरं सांगतोय की माझं मन राखतोय, हे कळायला मला मार्ग नव्हता. "उद्याही ये," मी म्हटलं. "येतो की," तो म्हणाला.

आठवडाभर तो फिरकला नाही. मी भिंतीला चुन्याचा आणखी एक हात दिला.