ठकूबाईच्या डोळ्यातला खडा

दुपारच्या जेवणावर बसल्या जागी जी डुलकी लागते, ती काही धड झोप नसते. पापणी मिटते, पण कान जागाच राहतो. रेवती एडिटिंगच्या खोलीत खुर्चीवर मागं रेलली आहे. पंखा कुरकुरतो आहे, तोही लांब लांब जातो आहे. समोरच्या पडद्यावर ठकूबाईचा चेहरा थांबवून ठेवलेला आहे. डोळ्यातून निघालेलं पाणी गालाच्या सुरकुतीत येऊन थबकलं आहे.

ठकूबाई गेल्या महिन्यात वारली. साध्या तापाचं निमित्त झालं. विट्याच्या आसपास गल्लोगल्ली 'टाकीऽऽ, पाट्याला टाकीऽऽ' अशी हाळी देत हिंडणारी बाई होती ती. पाटा-वरवंटा वापरून वापरून गुळगुळीत झाला, की ती अंगणात बसून छिन्नी-हातोडीनं त्याला टाकी लावून द्यायची, म्हणजे पुन्हा खडबडीत करून द्यायची. रेवतीनं तिच्यावर मोबाइलवर बघायची एक छोटी फिल्म केली आहे. नट नाहीत, नाटक नाही, खरी माणसं आणि खरी कामं. पुष्करच्या चॅनेलचं ब्रीदच ते.

त्याच पुष्करचा जेवायच्या आधी फोन आला होता.

"ताई, तो रडण्याचा शॉट अगदी पहिला घ्या. रडणारी बाई दिसली की मोबाइलवरचा अंगठा थांबतो. वर मोठ्या अक्षरांत, 'शेवटची टाकीवाली'. खाली पियानो."

"अरे, ती रडत नाहीये. डोळ्यात दगडाचा खडा उडालाय."

"बघणाऱ्याला काय ठाऊक? आणि त्या तर गेल्या आता. त्या थोड्याच विचारायला येणारेत? संध्याकाळी फिल्म वर चढवायचीय. ही चालली की पुढची सगळी मालिका तुमचीच."

काम तर रेवतीला हवंच होतं. आलेल्या लक्ष्मीला कोण पाठ दाखवतं? तिनं आधीचं कापलं, नंतरचं कापलं आणि पाणावलेला तेवढा चेहरा उचलून सगळ्यांत पुढं ठेवला. तो तिथं शोभलाही, हीच तर पंचाईत होती. तोच बघता बघता तिचा डोळा लागला.

दारावर टकटक होते.

"आत येऊ, का पुन्यांदा जाऊन येऊ?"

दारात ठकूबाई उभी आहे. खांद्याला अवजारांची पिशवी, नऊवारीचा काचा घट्ट खोवलेला. मेलेलं माणूस दारात आलं म्हणून दचकावं, हे रेवतीच्या ध्यानातच येत नाही.

"मावशी? या की. विचारताय काय?"

"इचारल्यालं बरं. त्या दिशी तुझ्यापायी किती येळा उंबरा वलांडला मी. 'मावशी, पुन्हा एकदा या. आम्ही इथं नाहीच असं समजून या.' घरात माणसांचा बाजार भरवला हुता, आन् म्हनं आमी न्हाईच!"

रेवतीला हसू येतं. "चुकलं मावशी."

"मरताना बी मनात आलं बघ, की आता ही बया म्हनंल, छान झालं, फक्त अजून एकदा."

"मग? एकदाच झालं ना?"

"एका दमात वक्के. कुनी परत करायला लावलं न्हाई."

ठकूबाई बसकण मारते. खाली फरशी होती, ती आता शेणानं सारवलेली जमीन आहे. भिंतीवरून गेलेल्या वायरींवर लुगडी वाळत घातली आहेत. पंख्याच्या जागी शेवग्याची फांदी हलते आहे आणि तिच्या शेंगा एकमेकींवर आपटून पंख्यासारख्याच कुरकुरतात. कुठूनतरी भाकरी भाजल्याचा वास येतो आहे. पडदा होता तिथं माजघराची खिडकी आहे. खिडकीपलीकडं एक म्हातारी बसली आहे, एकटीच, डोळे भरून.

ठकूबाई वाकून बघते.

"ही कोन गं?"

"तुम्हीच की."

"मी? आन् रडतीया? ती कुनापायी?"

रेवती खाली बघते. "डोळ्यात खडा गेला होता ना, तेव्हाचं आहे ते."

"असं व्हय! मग शिवी कुठं गेली? खडा लागल्याबरूबर मी शिवी हासडली हुती. चांगली रसरशीत. दगडाच्या आईपातूर गेले हुते."

"ती कापली."

"बरं, कापलीस तर कापलीस. पर तू कुठं हाईस ह्यात?"

"मी कॅमेऱ्यामागं."

"कॅमेऱ्यामागं कसली बस्तीस! धावत आलीस न्हवं? वढणीचा बोळा केलास, तोंडाची वाफ दिलीस आन् माझ्या डोळ्याला लावलास. धा बारा डाव केलंस तसं, तवा कुठं खडा निघाला. माझी लेक मालन चुलीपुढनं उठून पिठाच्या हातानं तशीच आली. दोघी माझ्यावर वाकला हुतासा. उजेड दिसना मला तुमच्या डोस्क्यांनी."

"आम्ही चित्रात दिसायचं नसतं मावशी. फिल्म करणाऱ्यानं मधे यायचं नाही, असा नियम आहे."

"कुनी केला?"

रेवती आठवायला लागते. नियम तर पाठ आहे, पण करणाऱ्याचं नाव काही केल्या तोंडावर येत नाही. ती खिडकीकडं बघते. पलीकडची म्हातारी अजून तशीच बसली आहे. आता तिच्यामागची भिंतसुद्धा गेली आहे आणि नुसतं माळरान दिसतं आहे. एवढ्या मोठ्या माळावर ती एकटी.

"बघ," ठकूबाई म्हणते. तिच्या आवाजातली थट्टा आता गेली आहे. "माळावर टाकून दिल्यासारखी केलीस मला. मालन मोबाइलवर बघंल. म्हनंल, आई एकली बसून रडत हुती तवा मी कुठं मेले हुते? तिनं सवताला न्हाई इचारलं, तर गाव इचारंल. म्हातारी रडली की लोक लेकीला जाब इचारत्यात. फिलम करनारीला कोन इचारतंय?"

"मावशी, हा शॉट पुढं असला तर खूप लोक बघतील तुम्हाला. आणि माझंही पुढचं काम..."

"बघू दे की! मी नगं म्हंतीया व्हय? हयातभर गल्लीगल्लीत वरडत हिंडले, 'इकडं बघा, इकडं बघा' म्हनून. मला काय लाज? पानी ऱ्हाऊ दे डोळ्यात. खरंच आलं हुतं ते. फकस्त त्याचं म्हागचं-म्होरचं तोडू नगंस. पानी काढनारा खडा दाव, आन् खडा काढनारी मानसं बी दाव."

रेवती खिडकीतल्या म्हातारीकडं पुन्हा एकदा बघते. एवढंच होतं होय?

ठकूबाई हात टेकून उठते आणि तिचा तळवा रेवतीच्या टेबलावर पडतो. ती टेबल कुरवाळते, नाक मुरडते.

"हे काय गं? काचंवानी झालंया. असल्या पाट्यावर चटनी वाटाया घेतलीस तर नुसती घसरत जाईल. वाटली जायची न्हाई." पिशवीत हात घालून ती छिन्नी काढते.

"अहो मावशी, भाड्याचं आहे ते!"

"गप बस. मालकाला सांग, फुकाट करून दिलं म्हनून."

टक, टक, टक. छिन्नी सरळ ओळीत पुढं जाते. आवाजाबरोबर आळीतली दारं उघडतात, बायका पाटे डोक्यावर घेऊन बाहेर येतात, 'मावशी, आमचाबी घ्या, आमचाबी' म्हणतात. ठकूबाई मान वर न करता म्हणते, "दमानं, बायांनो. आदी हिचं हुंदे." टक, टक, टर्र, टर्र...

टेबलावर फोन थरथरतो आहे. पुष्करचा आहे. दुपार अजून कलायची आहे.

"ताई, झाली का फिल्म?"

"होतेय," रेवती म्हणते. तिचा आवाज झोपेतून उठलेल्या माणसासारखा नाही. "पहिला शॉट तोच ठेवतेय. पण तोडत नाही. खडा उडतो तिथून सुरू. मग मी धावत जाते, त्यांची लेक पिठाच्या हातांनी येते, खडा निघतो आणि मावशी डोळा उघडून हसतात, तिथपर्यंत सलग."

"तुम्ही फ्रेममध्ये? असं कुणी करतं का? आणि मग पियानो कुठं घालायचा?"

"पियानो नाही. शिवी आहे."

पलीकडं पुष्कर हसतो की खोकतो, ते कळत नाही. "ताई, लोक थांबणार नाहीत. मग पुढच्या मालिकेचं मी वरच्या लोकांना काय सांगू?"

"ते तुझं तू बघ. ही फिल्म माझी आहे, ती अशी जाईल. 'शेवटची' वगैरेही लिहू नकोस. त्यांची मालन टाकी लावते. तिचा हात आईपेक्षा जड आहे एवढंच."

रेवती फोन कानाशी धरूनच माऊस हातात घेते.

"पाठवा तर," पुष्कर म्हणतो. "बघतो."

रेवती फोन ठेवते, खुर्ची पुढं ओढते आणि कापलेलं सगळं परत जोडायला घेते. आधी शिवी, मग ओढणीचा बोळा, मग मालनचे पिठाचे हात. तिसऱ्या तुकड्याला माऊस अडतो. ती जोर लावते, तरी तो जागचा सरकत नाही. माऊस उचलून ती खाली तळवा फिरवते, तर बोटांना खरखर लागते. टेबलाच्या काठापासून आतपर्यंत छिन्नीच्या बारीक खाचा गेल्या आहेत, एकीला लागून एक, सरळ ओळीत. त्यांच्यातला भुगा अजून झाडायचा राहिला आहे.