लढाईमागची जमीन

पडद्यावर बंदुका निघाल्या की जाधवकाका टीव्हीचा आवाज बंद करत. गोठे, विहिरी, लाकडी घरं दिसली की मात्र चित्र थांबवून विचारत, "मनीषा, ही झाडं कसली गं?"

डोंबिवलीत, मानपाड्याच्या आमच्या इमारतीत ते शेजारी राहत. कोलशेतच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. काकू गेलेल्या, एकुलती लेक सुजाता टेक्सासला. रविवारी दुपारी इंग्रजी संवाद समजावायला ते मला बोलावत. चित्रपट एकाच तऱ्हेचे: टेक्सासच्या ओसाड सरहद्दीवर घरं बांधून राहिलेली माणसं, दूरच्या सरकारशी त्यांचं भांडण, आणि शेवटी स्वातंत्र्यासाठी लढाई.

पण काका भोळे प्रेक्षक नव्हते. एकदा नायक "ही जमीन आमची!" असं गरजला, तर म्हणाले, "आणि आधी राहत होते ते? त्यांना हाकललंच ना? आमचं घर गावाच्या वेशीबाहेर होतं, पोरी. सरहद्द मला शिकवू नका म्हणावं."

"मग बघता कशाला?"

"लेक तिकडे राहते. जागा तरी बघून ठेवतो."

त्यांचा व्हिसा दोनदा नाकारला गेला होता. त्याबद्दल ते चकार शब्द काढत नसत.

एका रविवारी मी तिथे असतानाच सुजाताचा फोन आला. तिने तिकडचं नागरिकत्व घेतलं होतं. "छान झालं, बाळा," म्हणाले आणि पुन्हा चित्रपट लावला. शेवटी किल्ल्यावर नवा झेंडा चढला, सगळ्यांनी टोप्या काढल्या. काकांनी चित्र थांबवलं. मग म्हणाले, "नागरिकत्वाची शपथ घेताना समोर आपलं माणूस कुणी असतं का गं?"

"असेल कुणीतरी," त्यांनीच उत्तर दिलं.

गेल्या वर्षी काका झोपेतच गेले. सुजाता जलदानविधीच्या आदल्या दिवशी पोचली. विधी आटोपून पाहुणे पांगल्यावर मला म्हणाली, "बाबा बघायचे ते लाव ना."

लावलं. दहाच मिनिटांत ती म्हणाली, "अगं, आमच्याकडे असं काहीच नाहीये. माझं घर मॉलच्या मागे आहे. हे डोंगर तर मी कधी बघितलेही नाहीत."

"त्यांना सांगितलं नव्हतंस?"

"विचारलंच नाही त्यांनी. फोनवर फक्त 'जेवलीस का' विचारायचे."

मी टीव्ही बंद करायला उठले. तिने माझा हात धरला.

"राहू दे. संपेपर्यंत बसू."

तिच्याही ओळखीचं नसलेलं ते माळरान ती डोळे भरून बघत राहिली.