सोमवारचं सूप

माझा भाऊ सोमवार पाळतो. पाळतो म्हणजे मासे खात नाही, एवढंच. बाकी उपासतापास त्याला कधी जमले नाहीत. मंगळवारी मात्र सोमवारची कसर व्याजासकट काढायचा. बांगड्याचं डोकंसुद्धा असं चोखायचा, की मांजर ताटाजवळ येऊन निराश होऊन जायचं.

आमचे बाबा सावंतवाडीकडून गोव्यात सुर्ल्याला खाणीवर कामाला आले आणि तिथलेच झाले. मी लग्न होऊन पेडण्याला गेले. भाऊ मॅगनीजच्या धुळीत ट्रक चालवायला लागला. ट्रकबरोबर गुटखा आला. पुढे खाण बंद पडली, ट्रक विकला, त्याने पर्यटकांची टॅक्सी घेतली. गुटखा तेवढा चालू राहिला. मी बोलून बोलून थकले. मी मुळात तिरसट, त्यामुळे माझं बोलणं कुणी फार मनावर घेत नाही.

गेल्या डिसेंबरात त्याच्या जिभेचं ऑपरेशन ठरलं. अर्ध्याहून जास्त जीभ आणि डाव्या जबड्याचा तुकडा काढावा लागणार होता. नंतर नाकातून नळी. तोंडाने पुन्हा कधी खाता येईल ते आत्ता सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे आदल्या दिवशी जे खाईल तेच तोंडाने शेवटचं खाणं. आणि आदला दिवस निघाला सोमवार. जन्मभर माशावर जीव टाकलेल्या माणसाला देवाने नेमका हाच वार द्यावा, याचा मला इतका राग आला, की त्या दिवशी मी देवाला नमस्कार केला तोही दात-ओठ खाऊनच.

निघताना देवळात गाऱ्हाणं घातलं. पुजारी म्हणाला, "आजवर ह्या लेकरान तुजो सोमार मोडूंक नाय, ता ध्यानात धरून तेका सांभाळ रे म्हाराजा." तोंड एक बोट जाईल इतकंच उघडत होतं, तरी भाऊ मोठ्याने म्हणाला, "व्हय म्हाराजा." भावजयीला हॉस्पिटलच्या वासाने चक्कर येते, म्हणून ती घरीच राहिली. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "वन्सं, आज काय वावगा घडूंक देव नकात."

हॉस्पिटलात गेलो तर बेड संध्याकाळी रिकामा होणार होता. सुर्ल्याला परत जाऊन पुन्हा येण्यात अर्थ नव्हता. भाऊ म्हणाला, "बाय, त्या मॉलात जाव या. लोकांक थंय सोडून सोडून टायर झिजले, मी कधी भितर गेलंय नाय."

आमच्याकडे डिसेंबरात पहाटे जरा गारवा पडतो, दुपारी पुन्हा घाम. त्या मॉलमध्ये मात्र थंडी विकत आणून ठेवलेली. वरच्या मजल्यावर खाण्याचे स्टॉल, नाताळचे तारे, ट्रे घेऊन फिरणारे पर्यटक. भाऊ काडीसारखा झालेला. तो कुडकुडायला लागला. हॉस्पिटलसाठी आणलेली शाल मी त्याच्या अंगावर घातली. आधी माणसाला गारठवायचं आणि मग गरम सूप विकायचं, धंदा चांगला आहे, असं मी म्हटलं, तर तो हसला. हसताना दुखलं, म्हणून लगेच थांबला.

एका स्टॉलवर चिनी, थाई, तिबेटी असं सगळं एकत्र होतं. शेजारच्या टेबलावर कुणी नूडल्सचं सूप पीत होतं, त्याची वाफ दिसत होती. भाऊ त्याच्याकडे बघतच राहिला. गेले काही महिने तो पातळ पेजेवर होता. "ता गिळूंक जमात," तो म्हणाला.

मी काउंटरवरच्या माणसाला निक्षून विचारलं. मासे नकोत, सुंगटं म्हणजे कोळंबी नको, काही नको. तो म्हणाला, "वेज है, आंटी."

वाडगा आला. वर कांद्याची पात, खाली पांढऱ्या नूडल्स, आणि वाफ. त्या वाफेचा वास मला आधी आला. आमच्या घरांत कुणालाही कळेल असा वास: तव्यावर गालमो, म्हणजे बारीक सुकी सुंगटं, भाजताना येतो तो. मी वळून पाहिलं. काचेपलीकडे एकच मोठं पातेलं होतं आणि सगळ्यांचे वाडगे त्यातूनच भरले जात होते.

भावाने तोंड वाफेत घातलं आणि तो थांबला. नाकाने एक खोल श्वास ओढला. मी काही बोलणार, तेवढ्यात वर न बघता तो म्हणाला, "बाय, माका पाणी हाड."

पाण्याची बाटली टेबलावरच होती. मी उठले. लांबच्या स्टॉलवर गेले, रांगेत दोघांना पुढे जाऊ दिलं, सुट्टे नाहीत म्हणून उगाच हुज्जत घातली. परत आले तेव्हा वाडगा अर्धा झाला होता. पसरट कुलेर, म्हणजे सूपचा चमचा, त्याच्या तोंडात शिरत नव्हती, म्हणून त्याने वाडगाच ओठांना लावला होता. घोट घेताना दुखत असणार, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तो थांबत नव्हता. शाल खांद्यावरून खाली पडली होती आणि कपाळावर घाम आला होता. शेवटी त्याने वाडग्याच्या तळाला बोट फिरवून ते चोखलं. मी त्याचा हात धरला. किती दिवसांनी तो हात गरम लागला.

"बरा होता," तो म्हणाला. त्याच्या तोंडचे तेवढेच शब्द माझ्याजवळ आहेत. पुढे हॉस्पिटलात तो बोलला असेल ते मला आठवत नाही.

ऑपरेशन नीट झालं असं सांगितलं. मग जखम भरेना. मग पुन्हा ऑपरेशन. मग मानेत गाठ आली, आणि आता फक्त दुखण्याची औषधं देतात. तो सुर्ल्याला सोप्यावर बसून असतो. बोलता येत नाही. भावजय पेज गाळून नळीतून घालते.

आता पुन्हा डिसेंबर आहे. मी पेडण्याहून बस बदलत जाते, तेव्हा बघते. सोमवारी भावजयीने दिवा लावला की तो देवळाकडे तोंड करतो आणि दोन्ही हातांनी गालांवर मारून घेतो. लहान मुलं देवासमोर चूक झाली म्हणून मारतात तसं, पण जोरात. डाव्या बाजूला तर गाल असा उरलेलाच नाही.

"वन्सं, असा कित्याक करतत हे?" भावजय विचारते. मी म्हणते, औषधांनी होत असेल.

परवा ती विहिरीवर गेली तेव्हा मी त्याच्याजवळ बसले. म्हटलं, "अरे, ता वेज होता. मी इचारलेलंय तेका. आणि पातेल्यात मूठभर गालमो असलो तर तेचो कोण हिशोब ठेवता?" देव असा बारीक हिशोब ठेवणारा असेल, तर त्याच्यापेक्षा खाणीवरचा मुकादम बरा होता. हेही मी बोलून टाकलं.

भावाने माझ्याकडे पाहिलं. मग बोट उचलून आपल्या नाकावर ठेवलं, वाफ हुंगावी तसा श्वास ओढला, आणि नाही म्हणून मान हलवली.

मी त्याचे दोन्ही हात घट्ट धरले. त्याने ते सोडवून घेतले, देवळाकडे वळला, आणि पुन्हा मारून घ्यायला लागला.