इनक्युबेटरमधली काडतुसं

मिस्टर व्हिटलॉक त्यांची काडतुसं न्यायला आले होते. चहा झाला, त्यांनी पिशवी उचलली आणि दारातून वळून सहज म्हणाले, "तिकडे आफ्रिकेत ऑक्टोबर म्हणजे नुसती भट्टी असते म्हणे. मोठी हॅट घ्यावी लागेल."

ग्रॅहम हसला. मला हसू आलं नाही. मी नागपूरची. भट्टी म्हटलं की मला टोपी नाही, मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या मोपेडची सीट आठवते. मी त्यांना विचारलं, शिकारीच्या वेळी दिवसभर काडतुसं कुठे असतील? ते म्हणाले, कमरेच्या पट्ट्यात, नाहीतर जीपच्या डॅशबोर्डवर.

मी ती पिशवी परत मागितली.

आधी माझ्या कामाबद्दल थोडं सांगते. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री शहराच्या बाहेर शेतांमध्ये एक जुनं धान्याचं कोठार आहे, त्यात आमची कंपनी आहे. कंपनी म्हणजे मालक ग्रॅहम, मशीनवरचे दोघं आणि मी. आम्ही शिकारीच्या रायफलींची काडतुसं बनवतो. मी बॅलिस्टिक्स इंजिनिअर, म्हणजे घोडा दाबल्यापासून गोळी लागेपर्यंत जे काही घडतं ते मोजणारी बाई. लंडनजवळच्या स्लाऊला दिवाळीच्या कार्यक्रमात कोणी विचारलं की माझा नवरा निखिल घाईघाईने सांगतो, "ती मॅन्युफॅक्चरिंगमध्ये आहे." आमच्या घरात अंडंही शिजत नाही. त्यामुळे त्याची पंचाईत मी समजू शकते.

मला स्वतःला शिकार आवडत नाही. हे ग्रॅहमला मी इंटरव्ह्यूतच सांगितलं होतं. तो म्हणाला, "मग तू नीट काम करशील." त्याचा अर्थ मला पुढे कळला. शिकार होणारच असेल तर जनावर जागच्या जागी मरावं, अर्धमेलं होऊन झुडपात शिरू नये. ते ज्यावर ठरतं त्यातला मोठा भाग माझ्या टेबलावरून जातो, आणि म्हणून मी हे काम मनापासून करते.

व्हिटलॉक हे साठी ओलांडलेले गृहस्थ. आयुष्यभर लोकांच्या घरांची छपरं घातली, आता धंदा मुलीकडे सोपवला होता आणि एकदाच आफ्रिकेत रानरेड्याच्या शिकारीला निघाले होते. त्यांची रायफल मीडियम बोअरची. बोअर म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास. हरणासाठी लहान बोअर पुरतं, हत्तीसाठी पूर्वी लोक खांदा निखळवणाऱ्या अजस्र बंदुका नेत. मीडियम बोअर या दोन्हींच्या मधलं. साधा माणूस सरावाने पेलू शकेल आणि रानरेड्यालाही पुरेल असं. रानरेड्याला कमी लेखून चालत नाही. जखमी झाला की तो पळून जाईलच असं नाही. कधी कधी तो वळून येतो.

म्हणून दुसरी गोळी महत्त्वाची. या रायफलीला बोल्ट असतो, दाराच्या कडीसारखा एक दांडा. गोळी झाडली की तो वर उचलायचा, मागे ओढायचा. रिकामी पितळी केस, म्हणजे काडतुसाचं कवच, बाहेर पडते. पुढे ढकलला की नवं काडतूस आत. सराव असेल तर हे सगळं डोळ्यांची उघडझाप व्हावी तितक्यात होतं.

आता अडचण. काडतुसातली दारू जितकी गरम, तितकी ती जोरात जळते. जोर वाढला की पितळी केस फुगते आणि नळीच्या भिंतींना चिकटून बसते. मग बोल्ट उघडता उघडत नाही. व्हिटलॉकना वेगवान गोळी हवी होती, म्हणून ग्रॅहमने दारू मर्यादेच्या अगदी काठापर्यंत भरली होती. मर्यादा ओलांडली नव्हती. नियमातली चाचणी साध्या खोलीच्या तापमानाला असते आणि त्यात ही काडतुसं पास होती. आमच्या गोळीबाराच्या रेंजवरची चाचणी त्याने केली ती फेब्रुवारीत, हातमोजे घालून. इथे जन्म काढलेल्या माणसाला हवामानाचा विचार करायचा म्हणजे पावसाचा आणि वाऱ्याचा करायचा एवढंच माहीत असतं. ऊन हा त्यांच्या हिशेबी प्रॉब्लेमच नाही, ते दिसलं की सगळे बागेत जाऊन बसतात.

व्हिटलॉक गेल्यावर ग्रॅहम जरा घुश्श्यात होता. गिऱ्हाइकाच्या हातातली पिशवी काढून घेणं त्याला आवडलं नव्हतं. "नियमात बसतंय ना सगळं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, बसतंय. पण काडतूस गरम करून झाडल्याशिवाय मी ते परत देणार नाही.

पण गरम करायचं कशात? मोठ्या कारखान्यांकडे त्यासाठी खास कपाटं असतात. आमच्याकडे किटली होती. शेवटी मी शेजारच्या जीनकडे गेले. जीन फेझंट पाळते, तितराच्या नात्यातले ते लांब शेपटीचे पक्षी. वसंतात ती त्यांची अंडी इनक्युबेटरमध्ये उबवते. सप्टेंबरात ते इनक्युबेटर रिकामेच पडलेले असतात. तिने कशाला हवा ते विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "पिल्लं निघाली तर निम्मी माझी." निखिलला हे कळल्यावर तो दोन दिवस हसत होता. घरात अंडं आणू न देणारी बायको ऑफिसात अंडी उबवायचं यंत्र घेऊन बसली होती.

एवढ्याशा उष्णतेने काडतूस उडत नाही, त्याला कितीतरी जास्त आच लागते. तरी इनक्युबेटर मी लांब, रेंजच्या टोकाला ठेवला. तिथे काडतुसं निवांत तापू दिली, हाताला चटका बसण्याच्या जरा अलीकडे.

ग्रॅहमने आधी गार काडतूस झाडलं. बोल्ट दोन बोटांनी उचलला गेला. मग गरम झाडलं. त्याने दांडा उचलला. दांडा हलला नाही. त्याने पुन्हा जोर लावला. मग उभा राहिला आणि तळहाताने खालून दणका दिला, तेव्हा कुठे तो सुटला. ग्रॅहम केस हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. मला त्या क्षणी बरोबर ठरल्याचा आनंद झाला नाही, भीती वाटली. त्या दिवशी दारातलं ते बोलणं मी ऐकलंच नसतं, किटलीपाशी उभी असते तर?

उपाय सोपा होता. दारू थोडी कमी करायची. गोळीचा वेग जरा उतरतो, आणि रानरेड्याला तेवढा फरक कळत नाही. अडचण होती ती व्हिटलॉकना सांगण्याची.

ग्रॅहमने त्यांना बोलावून घेतलं. ते आले आणि चिडले. त्यांचं म्हणणं असं की वर्षभर या शिकारीची वाट पाहिली, हवा तो वेग ठरवून घेतला आणि आता आम्ही ऐन वेळी माघार घेतोय. "मला मवाळ काडतूस नकोय," ते म्हणाले. ग्रॅहम मला डोळ्यांनी खुणावत होता की जाऊ दे, त्यांची मर्जी. गिऱ्हाईक हातचं जाणार हे मलाही दिसत होतं.

मी वाद घातला नाही. त्यांना रेंजवर नेलं, त्यांचीच रायफल दिली आणि म्हटलं, लक्ष्यावर एक झाडा आणि लगेच दुसरी झाडा. काडतुसं इनक्युबेटरमधली होती. पहिली गोळी लागली. बोल्ट अडकला. ते मान खाली घालून दांड्याशी झटापट करू लागले. गडी छपरं घालणारा, हाताला जोर होता. बोल्ट शेवटी उघडला.

मी विचारलं, "मिस्टर व्हिटलॉक, शिकारीत तुमच्या पुढे कोण चालतं?"

"ट्रॅकर. माग काढणारा. जोसेफ नाव आहे त्याचं, फोनवर बोललोय मी."

"त्याच्याकडे बंदूक असते?"

"नाही. काठी असते."

"आत्ता तुम्ही खाली बघत होता," मी म्हटलं. "समोर कोण बघत होतं?"

रिकामी केस उचलून त्यांनी खिशात टाकली. नंतर ग्रॅहमला म्हणाले, "ही सांगते तसं भर."

जाण्याआधी नव्या काडतुसांनी त्यांनी खूप सराव केला. धक्का जरा कमी झाल्यामुळे त्यांचा खांदाही आधी आखडायचा तसा आखडेना. ते शिकारीला गेले तो आठवडाभर मला मात्र शांत झोप नव्हती. एक अनोळखी माणूस हातात काठी घेऊन गवतातून पुढे चालतोय, हे चित्र डोळ्यांपुढून जाईना. आमच्या कंपनीची त्याला काही कल्पना नव्हती. तो आमचं गिऱ्हाईक नव्हता.

नोव्हेंबरात व्हिटलॉक परत आले, रापलेले आणि जरा बारीक झालेले. रानरेडा मिळाला होता. मांस जवळच्या गावाने नेलं. बाकीचं सांगताना ते चहाच्या मगकडे बघत होते. पहिली गोळी छातीऐवजी मागे, पोटात लागली. चूक त्यांचीच होती, घाई केली. रेडा वळला. जोसेफ त्यांच्या पुढे, जरा डावीकडे होता आणि रेडा सरळ त्याच्यावर निघाला. व्हिटलॉकनी दुसरी गोळी झाडली आणि तो जोसेफपासून हाताच्या अंतरावर कोसळला.

मला त्या जनावराचंही वाईट वाटलं, ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, त्यांनाही वाटलं. परत जाणार नाहीत.

मग मी कामाचा प्रश्न विचारला. उन्हात काडतुसं गरम झाली होती का, आणि बोल्ट कसा चालला?

"पट्ट्याला हात लावता येत नव्हता इतकी तापली होती," ते म्हणाले. "बोल्टचं काही सांगता येत नाही. मी तो उघडला असणार. आठवतच नाही मला. मी जोसेफकडे बघत होतो."

ग्रॅहमने माझ्याकडे पाहिलं आणि उठून पुन्हा किटली लावली.

इतक्या वर्षांत माझ्या कामाची याहून मोठी पावती मला मिळालेली नाही. आमच्या धंद्यात जे आठवतं ते बहुतेक बिघडलेलं असतं. आता उष्ण देशात जाणारं प्रत्येक काडतूस आम्ही आधी तापवून झाडतो. इनक्युबेटर अजून रेंजच्या टोकालाच आहे. जीन दर वसंतात तो मागायला येते आणि दर वेळी पिल्लं किती निघाली म्हणून विचारते.